पार्सल घेताना ‘राहू द्या’ म्हणावे का?

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची सहा-सात माणसे चार दिवस तोंडवलीला जाऊन राहिलो. मालवण तालुक्यातले हे गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये माड व सुरूची झाडे. पाहुण्यांच्या घरी माणसे जास्त, चूल एक. म्हणून दुपारचे जेवण जवळच्या एका घरगुती खानावळीतून पार्सल आणायचे ठरले. पार्सल आणायचे काम माझ्या पुतण्याकडे आले. तो मुंबईत एका हॉटेलात पार्सलच्या काउंटरवर काम करतो. त्यामुळे ‘हे माझेच खाते आहे’ असे म्हणून तो हौसेने उठला. मीही सोबत गेले.

चार मासळीच्या थाळ्या घेतल्या. एका थाळीचे दोनशे तीस, म्हणजे नऊशे वीस रुपये झाले. पुतण्याने पाचशेच्या दोन नोटा दिल्या. काकी गल्ल्यातून सुटे काढू लागल्या, तोवर तो “राहू द्या” म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. आम्ही बेड्यापर्यंत पोचलो असू, तोच मागून हाक आली.

“ओ झिला, थांब रे! तुजे पैशे रवले!”

“काकी, ते तुमच्यासाठी ठेवलेत.”

“माका कित्याक? जेवणाचे पैशे मी घेतलंय मा? मगे ह्ये कसले? चेडवाक देवचे आसले तर तेच्या हातात दी. माज्या गल्ल्यात नको.”

‘चेडू’ म्हणजे त्यांच्याकडे कामाला येणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. भात भरणे, सोलकढी बाटलीत ओतणे, रश्शाच्या पिशवीला गाठ मारून वर रबर लावणे, हे सारे तीच करत होती. पुतण्याने ऐंशी रुपये तिच्या हातात दिले. तिने एकदा काकींकडे पाहिले, मग पैसे ओढणीच्या टोकाला बांधले. गोष्ट एवढीच. पण घरी आल्यावर नानांना ती कळली आणि जेवणाआधीच वाद पेटला.

नानांचा राग

नाना म्हणजे माझे चुलते. मुंबईच्या गोदीत त्यांची हयात गेली. ते म्हणाले, “पार्सल तू स्वतः जाऊन आणलेस. कोणी तुला बसवून वाढले नाही, पाणी दिले नाही, ताट उचलले नाही. मग बक्षिसी कशाची? आणि मुख्य म्हणजे, त्या मुलीला हात पसरायची सवय कशाला लावतोस? हात पसरणे आपण मोठ्या कष्टाने सोडले आहे.”

नानांच्या बोलण्याला घराण्याचा इतिहास आहे. त्यांचे वडील मुंबईत एका पेढीवर हमाली करीत. दिवाळीत पेढीच्या दारात हमाल, झाडूवाला, पाणक्या असे सगळे ओळीने उभे राहत आणि शेठ प्रत्येकाला पोस्त देई. आमच्या आजोबांच्या हातावर नाणे वरून पडे. हाताला हात लागू नये म्हणून. १९५६ साली धम्मदीक्षा झाल्यानंतरच्या दिवाळीला आजोबा त्या ओळीत उभे राहिले नाहीत. “माझा पगार वाढवा, पोस्त नको,” एवढेच ते मुनिमाला म्हणाले. पगार वाढला नाही. पोस्तही गेली. पण ती गोष्ट आमच्या घरात दागिन्यासारखी जपली गेली.

पुतण्या शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “नाना, तुमचे सगळे खरे. पण माझ्या पगारात खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे एवढेच बसते. टेबलावर वाढणाऱ्यांना टीप मिळते, म्हणून त्यांचा रेल्वेचा पास निघतो. मी काउंटरवर दहा तास उभा असतो. माझ्याकडे येणारा माणूस पिशवी घेतो आणि जातो. त्या मुलीला मी भीक दिली नाही. माझ्यासारखीच ती उभी होती, म्हणून दिले.”

आजोबांचा स्वाभिमान खरा आणि पुतण्याची अडचणही खरी. मग बरोबर कोण? वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न ऐंशी रुपयांचा नाही. देणारा आणि घेणारा यांच्यात नाते कोणते असावे, हा तो प्रश्न आहे. आपल्या समाजाने तर तो पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसला आहे.

मर्जीने दिलेले मर्जीने बंद होते

गावगाड्यात आपल्या वाडवडिलांना कामाचा मोबदला ठरलेल्या मजुरीने मिळत नसे. सुगीला बलुते, सणाला ताटातले उरलेले, घरोघरी फिरून मागितलेली भाकर, असे ते देणे होते. नाव हक्काचे, पण घालणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे-शिळे तुकडे घेणे सोडा असे सांगितले, त्यामागे हाच विचार होता. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनासंबंधी दुरुस्तीचे विधेयक आणले. काम ठरलेले असावे आणि त्याचा मोबदला नेमका व खात्रीचा असावा, हा त्याचा गाभा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली.

शहरात गिरणीकामगारांनाही हाच अनुभव आला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षे कामगारांना बोनस दिला. १९२३ सालचा बोनस त्यांनी थांबवला. १९२४ च्या आरंभी दीड लाखांवर कामगार संपावर गेले. चौकशीसाठी सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बोनस मागण्याचा कामगारांना कायदेशीर हक्क पोचत नाही, असा निर्वाह तिने दिला. म्हणजे मालकाने खुशीने दिले ते मालकाने खुशीने बंद केले, आणि कायद्याने हात झटकले. चार दशके भांडल्यावर १९६५ साली बोनसचा कायदा झाला. आज कायद्याच्या कक्षेतल्या कामगाराला वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, बोनस म्हणून मिळतो. पोस्त आणि बोनस यांत फरक एवढाच. पोस्तीसाठी ओळीत उभे राहावे लागते, बोनससाठी कायद्याकडे बोट दाखवता येते. मात्र वीसपेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या लहान हॉटेलांना आणि खानावळींना हा कायदा सहसा लागत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अमेरिकेतील एक धडा

टिपेच्या नावावर पगार कसा खाल्ला जातो, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. तिकडे गुलामगिरी संपल्यावर पुलमन या रेल्वेडब्यांच्या कंपनीने मुक्त झालेल्या काळ्या माणसांना झोपण्याच्या डब्यांत हमाल आणि सेवक म्हणून ठेवले. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून सगळे सेवक ‘जॉर्ज’. १९१५ साली सरकारी आयोगापुढे या सेवकांच्या पगाराची चर्चा झाली, तेव्हा तो महिना साडेसत्तावीस डॉलर होता. त्यात पोट भरत नसे. उरलेले प्रवाशांनी टिपेतून भरून काढायचे, असा कंपनीचा हिशेब होता. त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

या सेवकांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. टिपेसाठी हसत उभे राहावे लागू नये, जगण्यापुरता पगार मिळावा, ही त्यांची मागणी होती. बारा वर्षे झगडून १९३७ साली त्यांनी कंपनीकडून करार मिळवला. पण हॉटेलांतला प्रकार संपला नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. इतरांसाठी किमान दर ७.२५ डॉलर आहे. मधली तूट टिपेने भरायची, न भरल्यास मालकाने द्यायची, असा नियम आहे. काही राज्यांनी स्वतःचे चांगले कायदे केले आहेत. पण बाकी ठिकाणी वेटरच्या पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या खिशात असतो. म्हणून तिथे टीप न देणे म्हणजे मजुरी बुडवण्यासारखे मानतात. आता तर पार्सल घेतानाही यंत्राच्या पडद्यावर ‘किती टक्के?’ असा प्रश्न येतो. आपल्यातील परदेशी गेलेली मुले त्याने गोंधळून जातात. उलट जपानमध्ये टीप देण्याची पद्धतच नाही. दिली तर विसरलेले पैसे समजून मागे धावत येऊन परत करतात, अगदी आपल्या तोंडवलीच्या काकींसारखे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

आपल्या देशात टिपेच्या आधाराने पगार कमी करण्याची मुभा कायद्यात नाही. किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात प्रथम मांडले ते मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी, ११ एप्रिल १९४६ रोजी. १९४८ साली तो कायदा झाला. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. हॉटेलात काम करणाऱ्याला किमान वेतन द्यावेच लागते. “तुला टीप मिळते ना?” हे त्याला उत्तर होत नाही.

दुसरी गोष्ट. टीप हा पगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात सांगितले. ती गिऱ्हाईक देते, मालक देत नाही, आणि मालकाकडून टीप मिळवण्याचा नोकराला हक्क नाही, असा त्याचा आशय. याचा अर्थ कामगाराच्या बाजूने नीट समजून घ्यावा. टिपेवर उभे केलेले घर वाळूवर असते.

तिसरी गोष्ट, बिलात परस्पर लावलेला सेवा आकार. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सूचना काढल्या की हॉटेलांनी तो आपोआप बिलात घालू नये. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. तेव्हा पार्सलच्या बिलात सेवा आकार दिसला तर तो काढायला सांगण्यात संकोच करू नये. ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकाच्या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करता येते. डब्याचे, पिशवीचे पैसे वेगळे असतात. ते आधी सांगितले असतील तर कुरकुर न करता द्यावेत.

दुसऱ्या दिवशीचे वडे

आता पुन्हा तोंडवलीला येऊ. दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे सांगितले होते. आम्ही गेलो तेव्हा बांधकामावर काम करणारा एक माणूस आमच्या आधीपासून थांबलेला होता. त्याचे एकच पार्सल होते. चेडवाने आम्हाला पाहिले, हसली, आणि आमची पिशवी आधी पुढे केली. तो माणूस काही बोलला नाही. घरी येऊन पिशवी उघडली तर सांगितल्यापेक्षा दोन वडे जास्त निघाले.

पोरे खूश झाली. मला मात्र ते वडे गिळवेनात. कालच्या ऐंशी रुपयांनी आम्ही त्या माणसाचा नंबर विकत घेतला होता. जास्तीचे दोन वडे काकींच्या कढईतले होते. मुलीने काही वाईट मनाने केले नाही. तिने उपकार फेडला. पण टीप कृतज्ञतेतून निघून ओळख-वशिल्यात कधी शिरते हे कळतही नाही, ते असे. ज्यांच्या आईबापांनी दुकानासमोर ‘सगळ्यांचे झाले की मग तुझे’ हे ऐकले, ज्यांना हॉटेलात कप वेगळा ठेवला जाई आणि खाणे आत बसून नव्हे तर बाहेर नेऊन खावे लागे, त्यांनी दुसऱ्याचा नंबर ओलांडून पार्सल घ्यावे, हे बरे नव्हे. हॉटेलात आणि दुकानात सर्वांना सारखा प्रवेश हा हक्क संविधानाच्या १५ व्या कलमाने दिला आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने तो नाकारणे गुन्हा ठरवले. तो हक्क पैशाच्या जोरावर वाकवू नये.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बाजूला घेऊन म्हटले, “बाय, आमचा नंबर येईल तेव्हाच दे हां. आणि वडे मोजून दे.” ती लाजली. मग म्हणाली, “तुमी दिल्यात, म्हणान दिलंय.” मी म्हटले, “आम्ही दिले ते काल झालेल्या कामाचे. आज तुझ्यावर काही उरलेले नाही.” तिला ते पटले की नाही ठाऊक नाही, पण तिने मान हलवली.

रापणीचा वाटा

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीने लांब जाळे समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढून घेतात. हे एकट्या-दुकट्याचे काम नव्हे. मासळी वर आली की वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या माणसांचा. दोराला हात लावायला आलेल्याच्या पदरातही थोडी मासळी पडते. यांत्रिक नौकांनी मासळी पळवल्याने रापणी आता कमी झाल्या आहेत, तरी ही रीत टिकून आहे.

नाना दगडावर बसून बघत होते. पुतण्या म्हणाला, “नाना, बघा. पाण्यात उभा असलेल्यालाही वाटा, मागे दोर गुंडाळणाऱ्यालाही वाटा. आमच्या हॉटेलात टिपेचा डबा फक्त टेबलवाल्यांत वाटतात. आत भांडी घासणारा, मसाला वाटणारी बाई, फरशी पुसणारा आणि मी, आम्हाला शून्य. जो गिऱ्हाइकाला दिसतो त्याला टीप. जो दिसत नाही त्याने काम केलेच नाही.”

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वाटा मागायला हात पसरावा लागत नाही. वाटा मोजून घेतात.” आमच्या घरातला वाद मिटला असेल तर त्या एका वाक्याशी. हॉटेलात कोण आत आणि कोण बाहेर, कोणाचे काम घाण आणि कोणाचे स्वच्छ, ही वाटणी कुठून आली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ब्रिटनने २०२३ साली कायदाच केला की गिऱ्हाइकाने दिलेली टीप मालकाने स्वतःकडे ठेवू नये, ती कामगारांत न्याय्य रीतीने वाटावी आणि वाटपाची पद्धत लिहून ठेवावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अमलात आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण दहा माणसे एकत्र आली तर एका हॉटेलापुरता नियम करायला कोणी अडवलेले नाही.

मग करावे काय?

एवढ्या विचारानंतर आमच्या घरात जे ठरले ते वाचकांपुढे ठेवते. पटेल ते घ्यावे.

पार्सल स्वतः जाऊन आणले तर टीप देणे बांधील नाही. न देणाऱ्याने खाली मान घालू नये, आणि काउंटरवरच्या माणसानेही त्याच्याकडे वाकडे पाहू नये. किंमत दिली की देणे फिटले.

घरगुती खानावळीत जी बाई स्वतःच रांधते आणि स्वतःच गल्ल्यावर बसते, तिला बक्षिसी देऊ नये. तिच्या श्रमाचा सन्मान तिने सांगितलेल्या किमतीत आहे. एका थाळीमागे वीस रुपये कमी करायला लावायचे, रस्सा आणखी मागून घ्यायचा आणि जाताना दहा रुपये ‘ठेवा तुम्हाला’ म्हणून टाकायचे, असे मुंबईकर आम्ही तिथे पाहिले. हे दातृत्व नव्हे. आधी घासाघीस थांबवावी. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. तेव्हापासून कितीतरी घरांतल्या चुली पाहुण्यांसाठी पेटतात. त्या चुलीला दया नको, पुरता दर हवा.

कोणी आपल्यासाठी जास्तीचे काम केले, म्हणजे मोठी मागणी बांधून दिली, म्हाताऱ्या माणसाची पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली, बंद व्हायच्या वेळी पुन्हा चूल पेटवली, तर जरूर द्यावे. आपल्याला परवडेल तेवढे, आणि ज्याने काम केले त्याच्या हातात. हल्ली पैसे मोबाईलने देतात. चौकटीवर मोबाईल धरून जास्तीची रक्कम टाकली तर ती मालकाच्या खात्यात जाते. द्यायचेच असेल तर दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

पावसात, उन्हात घरी जेवण घेऊन येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. आपला रस्ता तो चालतो. त्याला द्यावे, आणि आधी पाणी विचारावे.

देताना वरून टाकू नये. काउंटरवर भिरकावू नये. हातात हात लागेल असे द्यावे. आमच्या आजोबांच्या हातावर जे नाणे वरून पडले, ते या घरातून पुन्हा कोणाच्या हातावर वरून पडू नये.

‘ए छोटू’, ‘ए पोऱ्या’ अशी हाक मारू नये. नाव विचारावे. आणि खरोखरच लहान मूल कामाला दिसले तर टीप देऊन मनाचे समाधान करून घेऊ नये. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे. तिथे दहा रुपये देणे नव्हे, मालकाला विचारणे आणि बालमदतीच्या १०९८ या क्रमांकावर कळवणे हे आपले कर्तव्य.

शेवटचे, काउंटरच्या पलीकडे काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. कोणी खुशीने दिले तर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. त्यासाठी वाकू नये, आणि न देणाऱ्याला कमी वाढू नये. मात्र पगार ठरवताना टीप हिशेबात धरू देऊ नये. पगाराची पावती मागावी, किमान वेतनाचा दर माहीत करून घ्यावा. टीप ही पगारावरची साय असेल तर गोड. दूधच नसेल तर साय कशावर धरणार?

निघायच्या दिवशी आम्ही काकींचे स्टीलचे डबे घासूनपुसून परत केले. काकींनी ते उघडून पाहिले आणि म्हणाल्या, “असा कोण करत नाय गे.” त्या दिवशी आम्ही एक रुपयाही जास्त दिला नाही. चेडवाने आमच्या आधी आलेल्या दोघांची पार्सले दिली आणि मग आमचे दिले. मोजून.

मुंबईला गेल्यावर पुतण्याने हॉटेलातल्या इतर कामगारांशी बोलून एक यादी केली आहे. टिपेच्या डब्यात टेबलवाल्यांबरोबर काउंटर, मोरी आणि स्वयंपाकघर यांचाही वाटा असावा अशी. टेबलवाल्यांपैकी दोघांनी सही केली, तिघांनी नाही. गेल्या रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा नाना शेजारीच बसले होते. मी विचारले, “मालक काय म्हणाला?”

“विचार करतो म्हणालाय, आत्या.”

नानांनी फोन माझ्या हातातून घेतला. “विचार करतो म्हणजे त्याची मर्जी. कागदावर लिहून घ्या. आणि हे बघ, वाट्याबरोबर पगाराचेही त्याच कागदावर घाल.”